सगळ्या गल्लीला एकच पासवर्ड

गारखेड्यात मला नावानं ओळखणारे कमी आहेत. पण "वायफायवाल्या मॅडम" म्हटलं की आमच्या भागातला कोणीही माझ्या घराचा रस्ता सांगेल. सव्वीस वर्षं मी सरकारी टेलिफोन खात्यात काढली. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा वय बावन्न होतं आणि घरात बसून राहणं जमेना. मग एका खासगी कंपनीच्या इंटरनेटची जोडणी घरोघरी बसवून द्यायचं काम घेतलं. स्कूटरवर पायापाशी एक पिशवी, तिच्यात वायर, पकड, ड्रिल मशीन आणि दोन जादा राउटर. तेवढ्यावर हा धंदा चालतो.

गिऱ्हाइकांचे नमुने खूप पाहिले. एका घरी राउटरला क्रोशाचं झाकण विणून तो देवघरात ठेवला होता, कारण घरातली तीच एक जागा स्वच्छ राहायची. एका निवृत्त मास्तरांनी मला फार गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, खिडकी उघडी राहिली तर आपलं वायफाय बाहेर जातं का हो?" मी हसले. "खिडकी बंद ठेवली तरी जातं, सर." मास्तरांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय.

खरं तर त्यांचा प्रश्न शहाण्या माणसाचा होता. घरात राउटर नावाची ती डबी असते, तिच्यातून निघणाऱ्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात जातात, शेजारच्या गच्चीवर जातात, रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातल्या फोनपर्यंत जातात. त्या माणसाला तुमच्या नेटवर्कचं नाव दिसतंच. आत शिरायला त्याला लागतो फक्त पासवर्ड. आणि एकदा तो शिरला की त्यानं इंटरनेटवर जे काही केलं, ते बाहेरच्या जगाला तुमच्या घरातून केल्यासारखं दिसतं. कंपनीच्या दप्तरी नाव तुमचं, पत्ता तुमचा. पोलीस आले तर ते तुमच्याच दारात येणार.

हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही मी जे केलं ते आज लिहायचं ठरवलं आहे.

राउटर बसवून झाला की नेटवर्कला एक नाव द्यावं लागतं आणि एक पासवर्ड ठेवावा लागतो. गिऱ्हाइकाला विचारलं की ते म्हणतात, "तुम्हीच टाका काहीतरी, मॅडम." आणि मी टाकलेला पासवर्ड ते आठ दिवसांत विसरतात. मग फोन येतो: पाहुणे आलेत, पासवर्ड काय होता? असे फोन दिवसाला चार-पाच येऊ लागले. म्हणून मी माझ्यापुरती एक युक्ती काढली. नेटवर्कचं नाव म्हणजे गिऱ्हाइकाचं आडनाव. पासवर्ड म्हणजे तेच आडनाव आणि त्याला जोडून माझ्या स्कूटरच्या नंबरचे चार आकडे. कोणीही फोन केला की मला वही उघडायला लागत नसे. लोकांना वाटायचं, मॅडमची स्मरणशक्ती दांडगी आहे. मीही तो समज राहू दिला.

त्यातल्याच एक होत्या कदम काकू. वय अडुसष्ट, पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन वारले, मुलगा पुण्यात नोकरीला. पाचोडजवळ त्यांची बारा एकर मोसंबीची बाग आणि थोडी कोरडवाहू जमीन. गारखेड्यातल्या बंगलीच्या मागं एक खोली होती, तिच्यात मल्हारी राहायचा. मल्हारीचे वडील मेंढपाळ. दरवर्षी पीक निघालं की ते काकूंच्या रानात मेंढ्या बसवायचे. लेंड्यांचं खत होतं म्हणून शेतकरी मेंढ्यांचा कळप चार-सहा रात्री आपल्या रानात राहू देतो, तशी ही दोन घरांची जुनी ओळख. पोराला शहरात राहून पोलीस भरतीची तयारी करायची होती. काकू म्हणाल्या, मागची खोली रिकामीच आहे, येऊ दे.

दोन वर्षं तो तिथं राहिला. पहाटे मैदानावर पळायचा, दिवसा अभ्यासिकेत, संध्याकाळी काकूंची दळणं, औषधं, गॅसची टाकी. काकू त्याला ताट वाढायच्या. मी एकदा राउटर बदलायला गेले तेव्हा तो वायर धरून उभा होता. एवढा मोठा पोरगा, पण बोलताना खाली बघायचा.

एका मंगळवारी सकाळी काकूंच्या दारात दोन पोलीस आले. शहरातल्या एका खासगी क्लासच्या शिक्षिकेच्या नावानं कोणीतरी सोशल मीडियावर खोटं खातं उघडलं होतं. तिचे फोटो लावून तिच्या विद्यार्थ्यांच्या पालकांना घाणेरडे निरोप पाठवले होते. महिनाभर हे चाललं होतं. तिनं तक्रार केली, पोलिसांनी माग काढला, आणि तो माग कदम काकूंच्या इंटरनेटवर येऊन थांबला.

"घरात कोण कोण नेट वापरतं?" पोलिसांनी विचारलं.

"मी, अन् मागचा पोरगा," काकू म्हणाल्या.

हे वाक्य काकूंनी मला नंतर अनेकदा सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण अडुसष्ट वर्षांची बाई एका बाजूला आणि चोवीस वर्षांचा, एकटा राहणारा पोरगा दुसऱ्या बाजूला. पोलीस कोणाकडं बघणार? ते मल्हारीला घेऊन गेले. फोन ठेवून घेतला, दिवसभर बसवून विचारपूस केली, आणि संध्याकाळी सोडलं. "उद्या परत ये, गाव सोडून जाऊ नको," असं सांगितलं.

काकूंच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. "आई, त्याला आत्ताच्या आत्ता खोली खाली करायला सांग. आपलं नाव पेपरात येईल." काकू घाबरल्या होत्या. त्यांनी मागच्या दाराशी जाऊन मल्हारीला सांगितलं, "बाळा, तू दुसरीकडं बघ कुठंतरी." सकाळी त्यानं खोली झाडून काढली, किल्ली तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि एका मित्राच्या खोलीवर गेला.

त्याच सकाळी काकूंनी मला फोन केला. "मॅडम, लवकर या. त्या वायफायचा पासवर्ड बदलून टाका. मला नको बाई ही कटकट."

अकराच्या सुमारास मी त्यांच्या दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून बसले होते. राउटरचं स्वतःचं एक पान असतं. ते उघडलं की कोणकोणती उपकरणं त्याला जोडलेली आहेत, आधी कोणती जोडली होती, याची यादी दिसते. लोक आपल्या फोनला नावं देतात, ती नावं तिथं येतात. यादीत काकूंचा फोन होता. टीव्ही होता. "मल्हारी पोलीस" असं नाव होतं, त्यापुढं "सध्या बंद". भरती व्हायच्या आधीच पोरानं फोनला वर्दी चढवली होती. तो फोन त्या वेळी पोलिसांच्या कपाटात होता.

आणि चौथं एक नाव होतं. इंग्रजीत लिहिलेलं कुठल्या तरी फोनचं मॉडेल. त्यापुढं हिरवा ठिपका. म्हणजे तो फोन त्या क्षणी, माझ्यासमोर, काकूंचं इंटरनेट वापरत होता.

"काकू, घरात आणखी कोणाचा फोन आहे?"

"माझा एकटीचाच. कामून?"

"हा कोणाचा?"

काकूंनी चष्मा लावून पाहिलं. "त्याचाच असंल दुसरा. दोन फोन ठेवतात आताशा पोरं."

"मल्हारी सकाळीच गेला ना? हा आत्ता चालू आहे."

बाहेरचं कोणीतरी आत होतं हे तर दिसतच होतं. पण ते आत कसं आलं? काकूंनी पासवर्ड कोणाला सांगितला नव्हता, त्यांना तो पाठच नव्हता. मग माझ्या लक्षात आलं. त्या गल्लीत माझी चौदा गिऱ्हाइकं होती. प्रत्येकाला त्याचा पासवर्ड मी कधी ना कधी सांगितला होता: आपलं आडनाव आणि चार आकडे. शेजारच्या नेटवर्कचं नाव फोनवर दिसतंच, "कदम". थोडं डोकं चालवणाऱ्या माणसानं "कदम" लिहून पुढं आपलेच चार आकडे टाकून पाहिले असतील, आणि दार उघडलं असेल. मी चौदा घरांना चौदा कुलुपं बसवली होती, आणि किल्ली एकच वाटली होती.

"बदला ना मॅडम," काकू म्हणाल्या. "कशाची वाट बघताय?"

खरं सांगते, मी नवीन पासवर्ड लिहिला होता. बटण दाबायचं बाकी होतं. दाबलं असतं तर तो हिरवा ठिपका विझला असता, आणि माझी युक्ती कोणाला कधीच कळली नसती. गुपचूप एकेका घरी जाऊन बाकीचेही बदलले असते. पोलिसांनी उद्या राउटर नेला असता तर त्यांना एक धड, अवघड पासवर्ड दिसला असता आणि त्यांनी म्हटलं असतं, असा पासवर्ड बाहेरच्याला कसा कळेल? मग उरला असता मल्हारी. पोलीस भरतीत परीक्षा पास झालं तरी शेवटी चारित्र्य पडताळणी होते. ज्याच्या नावावर असा गुन्हा चढला, त्याला वर्दी मिळत नाही.

मी फार धीराची बाई आहे असं नाही. त्या यादीतलं "मल्हारी पोलीस" हे नाव डोळ्यांसमोर नसतं, तर मी ते बटण दाबलं असतं, असं मला आजही वाटतं. मी लिहिलेलं पुसलं. फोन काढून त्या पडद्याचे फोटो घेतले, वेळ दिसेल असे. काकूंना म्हटलं, "राउटरला हात लावू नका, बंद पण करू नका. मी येते." बंद केला की या डब्या बरंच काही विसरतात.

पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक साहेब तिशीतले असतील. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिले.

"मॅडम, तुम्ही टेक्निकल बाई. टेलिफोन खात्यात होतात म्हणता. मग सगळ्यांना एकच नंबर कामून दिला?"

"सोयीसाठी, साहेब."

"कोणाच्या?"

"माझ्या."

त्यांनी फोटो पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणून मी कसं धरू? करून दाखवा."

दुपारी आम्ही गल्लीत आलो. ऊन होतं, रस्त्यावर फारसं कोणी नव्हतं. साहेब कडुलिंबाखाली उभे राहिले आणि त्यांनी स्वतःचा फोन काढला. फोनवर नावांची रांग आली. मी एकेक आडनाव सांगत होते, ते आडनाव आणि चार आकडे टाकत होते. पहिलं घर जोडलं गेलं. दुसरं जोडलं गेलं. तिसरं, चौथं. पोलीस खात्याचा माणूस रस्त्यात उभा राहून, एकाही घराची कडी न वाजवता, माझ्या गिऱ्हाइकांच्या घरांत शिरत होता. पाचव्यानंतर मी म्हटलं, "पुरे ना साहेब." ते म्हणाले, "नाही, सगळी होऊ द्या." त्यांनी चौदाही करून पाहिली. दोन घरांनी आपला पासवर्ड स्वतः बदलला होता, ती उघडली नाहीत. त्यातलं एक घर त्या मास्तरांचं होतं.

एव्हाना दोन-तीन दारं उघडली होती. "काय झालं मॅडम? पोलीस कामून आलेत?" मी तिथंच उभं राहून सांगितलं. नंतर घरोघरी जाऊन तेच परत सांगायचं होतं, तर सुरुवात तिथंच केली. एक बाई मधेच म्हणाल्या, "आमच्या घरात दोन मुली आहेत, मॅडम. त्यांचे फोन याच वायफायवर असतात." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांनी दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते हळूच लावलं.

पुढचा तपास पोलिसांनी केला. पंचनामा झाला, माझा जबाब झाला. "हे जबाबात आलं की कोर्टात वकील तुम्हालाही उलटसुलट विचारतील," साहेबांनी सांगितलं. मी सही केली. तो अनोळखी फोन त्याच नावानं गल्लीतल्या आणखी एका घराच्या राउटरवर सापडला, आणि तो त्या घरच्याच माणसाचा निघाला. त्याच्या फोनमध्ये ते खोटं खातं उघडं होतं. त्या शिक्षिकेबरोबर तो पूर्वी त्याच क्लासमध्ये शिकवायचा. तिनं त्याची तक्रार केल्यामुळं त्याची तिथली नोकरी गेली होती, त्याचा हा सूड. घाण काम करताना आपलं इंटरनेट वापरायचं नाही, एवढी अक्कल त्याला होती.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याची बायको आणि मुलगी अजून तिथंच राहतात. पण एक गोष्ट लिहिली पाहिजे. त्याच्याकडं जोडणी बसवली तेव्हा त्यानं चहा दिला होता आणि हसत विचारलं होतं, "मॅडम, हे चार आकडे कसले?" मी खिडकीतून खाली स्कूटरकडं बोट दाखवलं होतं. "ती बघा, तिचा नंबर. सगळ्यांना तोच देते, मला लक्षात राहतो." दोघंही हसलो होतो.

त्यानंतरचा महिना मी पासवर्ड बदलण्यात घालवला. या गल्लीतली चौदा आणि इतर भागांतली धरून साठाच्या वर घरं होती. प्रत्येक घरी जायचं, आपली चूक सांगायची आणि मग म्हणायचं, "आता तुम्हीच ठेवा. लांब ठेवा, चार-पाच शब्दांचा. नाव, गाव, जन्मतारीख नको. मला सांगू नका." ते लिहीत असताना मी भिंतीकडं तोंड करून उभी राहायचे. आजही राहते. राउटरच्या पानाचा एक वेगळा पासवर्ड असतो, तो कारखान्यातून आला तसाच लोक ठेवतात, तोही बदलून देते. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून देते. यातलं काहीही नवीन नाही. सगळं मला आधी येत होतं. काही जणांनी जोडणी दुसऱ्या कंपनीची घेतली, त्यांना मी दोष दिला नाही. एक आजोबा म्हणाले, "चालतंय हो, चुका होतात." ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मल्हारीचा फोन पोलिसांनी परत दिला, त्याच्यावर काही नाही असं लेखी सांगितलं. त्यानंतर तो गावी निघून गेला. काकू मला म्हणाल्या, "मॅडम, मला एकटीला जायचा धीर नाय. तुम्ही चला." एका रविवारी आम्ही बसनं पाचोडला उतरलो आणि तिथून रिक्षा करून मल्हारीच्या वस्तीवर गेलो.

मल्हारीचे वडील घोंगडी अंथरून आम्हाला बसा म्हणाले. काकूंना ते "मालकीणबाई" म्हणायचे, त्या दिवशीही म्हणाले, पण डोळ्याला डोळा देत नव्हते. मल्हारी कळप जाळीच्या कुंपणात कोंडून आला. हात धुतले आणि समोर बसला.

काकू रडायला लागल्या. "बाळा, माझी मती गेली होती. खोली तशीच आहे. चल परत."

"तुमच्यावर राग नाय, काकू," तो म्हणाला. या वेळी तो खाली बघत नव्हता. "पोलिसांनी विचारलं, त्यांचं ते कामच हाय. तुम्ही मला विचारलंच नाय. दोन वर्षं तुमच्या हातचं खाल्लं. एकदा म्हणायचं होतं की, मल्हारी, तू केलं का? मी नाय म्हणालो असतो. मग बी घालवलं असतं, तर मला काय वाटलं नसतं."

मी त्याला माझी चूक सांगितली. स्कूटरचा नंबर, एकच किल्ली, सगळं. तो थोडा हसला.

"ते मला ठावं होतं, मॅडम. अभ्यासिकेचं वायफाय बी तुम्हीच बसवलंय ना? तिथं बी तेच आकडे. मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग तू कधी दुसऱ्याचं..."

"नाय. बोलावल्याबिगर कोणाच्या घरात कामून जायचं?"

हे वाक्य ऐकून मी उठून बाहेर गेले. जाळीत मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या धंद्यात मला सुरक्षेबद्दल जे कळलं, त्याहून जास्त या पोराला कळत होतं. आणि माझ्यासारख्यांनी राखायचं ते कुलूप मीच उघडं ठेवलं, तेव्हा पोलिसांचा हात सगळ्यांत आधी त्याच्यावर पडला होता.

तो परत आला नाही. शहरात दुसरीकडं मित्रांबरोबर खोली घेतली, असं कानावर आलं. त्या वर्षीची मैदानी चाचणी त्याची चुकली. काकूंनी मागची खोली कोणाला दिली नाही.

दीड वर्षानंतर काकूंचा फोन आला. "मॅडम, असाल तशा या. पोलीस आलाय." हातातलं काम तसंच टाकलं. स्कूटर काढून पाच मिनिटांत पोचले.

ओट्यावर एक मध्यमवयीन हवालदार खुर्चीत बसला होता, मांडीवर कागद. मल्हारीची निवड झाली होती. पडताळणीच्या अर्जात गेल्या पाच वर्षांत कुठं कुठं राहिलो ते लिहावं लागतं. त्यानं हा पत्ता लिहिला होता. नसता लिहिला तर कोणाला कळणार होतं? मित्राच्या खोलीचा पत्ता देऊन त्याला मोकळं होता आलं असतं.

"तुम्ही घरमालकीण ना? हा मुलगा इथं दोन वर्षं राहत होता?" हवालदारानं विचारलं.

"व्हय."

"वागणूक कशी होती?"

"चांगली होती," काकू म्हणाल्या. "लई चांगली होती. लिहा."

हवालदारानं लिहिलं. "काही तक्रार? भांडण? संशयास्पद काही?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "त्याच्याबद्दल नाय. माझ्याबद्दल हाय. पोलिसांनी त्याला उगाच संशयावरून नेलं होतं, तेव्हा मी त्याला न विचारता घराबाहेर काढलं. त्याची काही चूक नव्हती. ते बी लिहा."

हवालदार कागदावर पेन धरून थांबला. "काकू, हे लिहायला यात जागा नाही. रकाना फक्त उमेदवाराचा आहे."

"मग मागच्या बाजूला लिहा," काकू म्हणाल्या. "मी खाली सही करते."